हेड्रियनची भिंत आणि एक क्रियापद

इंग्लंडच्या उत्तर भागात, पूर्वेस टाइन नदीकाठच्या वॉलझेंडपासून पश्चिमेस सॉल्वे खाडीवरील बाउनेसपर्यंत, रोमन सम्राट हेड्रियनने बांधविलेल्या भिंतीचे अवशेष सुमारे ११७ किलोमीटर पसरलेले आहेत. या भिंतीवर जितके लिहिले गेले आहे तितके रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या कोणत्याही सीमावास्तूवर क्वचितच लिहिले गेले असेल. तथापि, ही भिंत कशासाठी बांधली या प्रश्नाचे प्राचीन वाङ्मयातून मिळणारे स्पष्ट उत्तर एकाच उपवाक्यात सामावलेले आहे, आणि ते उपवाक्य एकाच क्रियापदावर उभे आहे. 'हिस्टोरिया ऑगस्टा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चरित्रसंग्रहात हेड्रियनच्या चरित्राचा लेखक सांगतो, की सम्राटाने ब्रिटनमध्ये बऱ्याच गोष्टींची घडी नीट बसविली आणि ऐंशी मैल लांबीची भिंत प्रथम घातली. या भिंतीने बर्बर आणि रोमन यांना विभागावे, असा तिचा हेतू तो देतो. मूळ क्रियापद 'दिविदेरेत' असे आहे. भिंतीविषयीच्या दीड-दोनशे वर्षांच्या संशोधनात या शब्दाचा भार किती मोठा आहे, आणि तो वाहण्याचे सामर्थ्य त्याच्या ठिकाणी कितपत आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

प्रथम त्या शब्दाचे व्याकरण पाहावे. लॅटिनमध्ये संबंधी सर्वनामाच्या पुढे क्रियापद अशा रूपात आले, की त्यातून केवळ वर्णन होत नाही, हेतू सांगितला जातो. मराठीत 'विभागणारी भिंत' आणि 'विभागावे म्हणून घातलेली भिंत' या दोन रचनांत जो भेद आहे तोच येथे आहे, आणि चरित्रकाराने दुसरी रचना निवडली आहे. म्हणजे भिंत काय करीत होती एवढेच तो सांगत नाही. सम्राटाच्या मनात काय होते हेही आपणास ठाऊक असल्याचा त्याचा दावा आहे. आता हा चरित्रकार कोण? ग्रंथावर सहा लेखकांची नावे आहेत आणि ते डायोक्लेशियन व कॉन्स्टंटाइन यांच्या काळात लिहीत असल्याचे भासविले आहे. इ. स. १८८९ मध्ये हेर्मान डेस्साऊ या जर्मन पंडिताने हा सारा पसारा चौथ्या शतकाच्या अखेरीस एकाच व्यक्तीने रचलेला असावा असे प्रतिपादन केले, आणि आज बहुतेक अभ्यासक त्याच मताचे आहेत. म्हणजे भिंतीचा पाया इ. स. १२२ च्या सुमारास घातला गेला आणि तिचा हेतू सांगणारा मनुष्य त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता. आधीच्या सम्राटांची चरित्रे या संग्रहातील त्यातल्या त्यात विश्वसनीय मानली जातात, हे खरे. ऐंशी मैलांचा आकडाही रोमन मैलांत बरोबर आहे. परंतु आकडा जुन्या साधनातून उतरून घेता येतो. हेतूही तसाच उतरून घेतला असेल, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

उलट, हे क्रियापद ही त्या लेखकाची लकबच असावी असे मानण्यास त्याच चरित्रात जागा आहे. थोडे पुढे गेल्यावर तो सांगतो, की जेथे बर्बर लोक नद्यांनी विभागलेले नसून केवळ सीमारेषांनी विभागलेले आहेत, तेथे हेड्रियनने जाड खांब जमिनीत खोल रोवून व एकमेकांस जखडून कुंपणासारखी आडवण उभारली आणि बर्बरांना अलग केले. हे वर्णन जर्मनीतील लाकडी सीमाकुंपणाला लागू पडते. येथेही 'विभागणे', येथेही 'अलग करणे', येथेही तेच 'बार्बारी'. याउलट, याच संग्रहातील सेप्टिमियस सेव्हेरसच्या चरित्रात बेटाच्या आरपार भिंत घातल्याचे श्रेय सेव्हेरसला दिले आहे आणि तेथील क्रियापद मात्र 'मुनिवित', म्हणजे 'तटबंदी करून मजबूत केले' असे आहे. एकाच ठिकाणच्या भिंतीचे एका चरित्रात विभाजन होते आणि दुसऱ्यात संरक्षण. हेड्रियनच्या चरित्रातील 'प्रथम' हा शब्दही या दुसऱ्या दाव्याची जाणीव ठेवूनच घातलेला दिसतो. शब्दांची ही निवड वास्तूच्या निरीक्षणातून आलेली नाही. ती चरित्रनायकाच्या प्रतिमेतून आली आहे. हेड्रियन हा साम्राज्याला मर्यादा घालणारा, सेव्हेरस हा लढवय्या. मग पहिल्याने विभागावे आणि दुसऱ्याने मजबूत करावे, हे ओघानेच आले.

सेव्हेरसच्या या दाव्याने पुढे मोठा घोळ केला. इ. स. २०८ ते २११ या काळात तो ब्रिटनमध्ये मोहिमेवर होता व यॉर्क येथेच मरण पावला. चौथ्या-पाचव्या शतकांतील संक्षेपकारांनी भिंत त्याच्याच नावावर मांडली. ओरोसियसने तिची लांबी १३२ मैल दिली आहे. तेवढी लांबी त्या ठिकाणी बेटाला मुळी नाहीच. रोमन अंकांत पन्नासाच्या चिन्हाऐवजी शंभराचे चिन्ह लिहिले गेले तर ८२ चे १३२ होतात, असा तर्क येथे करता येतो. आठव्या शतकात बीड या विद्वान साधूने (मराठवाड्यातील गावाशी या नावाचा अर्थातच संबंध नाही) हाच आकडा स्वीकारला. हा बीड टाइनच्या मुखाजवळील जॅरो येथील मठात आयुष्य घालवीत होता आणि भिंत त्याच्या मठापासून हाकेच्या अंतरावर होती. तिची रुंदी आठ फूट आणि उंची बारा फूट असल्याचे तो लिहितो, ते बहुधा प्रत्यक्ष पाहून. पण ती कोणी बांधली हे मात्र तो पुस्तकांतून घेतो. डोळ्यांनी पाहिलेली उंची आणि पोथीतून घेतलेला कर्ता, या दोहोंचा सांधा त्याने बसविला तो असा: सेव्हेरसने बांधला तो मातीचा बांध, म्हणजे 'वाल्लुम', दगडी भिंत, म्हणजे 'मुरुस', ती रोमन सैन्य कायमचे परत जाण्यापूर्वीची.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने बीडचा हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण आजची परिभाषा त्यावर उभी आहे. भिंतीच्या दक्षिणेस, सुमारे सहा मीटर रुंद व तीन मीटर खोल असा खंदक आणि त्याच्या दोन्ही बाजूंस मातीचे बांध, अशी एक स्वतंत्र रचना जवळजवळ सर्व लांबीभर जाते. तिला आजचे सर्व ग्रंथकार 'व्हॅलम' म्हणतात. परंतु रोमन लोक कशाला वाल्लुम म्हणत? कार्लाइलजवळ सापडलेल्या एका वेदीवर सहाव्या लीजनच्या सेनानायकाने 'वाल्लुमपलीकडे' मिळालेल्या यशाबद्दल देवाचे आभार मानले आहेत. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील अधिकारपदांच्या सूचीत भिंतीवरील किल्ल्यांची यादी 'वाल्लुमच्या ओळीने' दिली आहे. इ. स. २००३ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये मीनाकाम केलेले एक लहानसे काशाचे पात्र सापडले. त्याच्या कडेने भिंतीच्या पश्चिम भागातील चार किल्ल्यांची नावे आणि त्यांना जोडून वाल्लुमच्या रेषेचा उल्लेख आहे. त्यापुढील 'एली' हा शब्द वाल्लुमचे विशेषण मानला तर 'एलियसचा वाल्लुम' असा अर्थ होतो, आणि एलियस हे हेड्रियनचे कुलनाम. (तो शब्द पुढील 'ड्राको' या व्यक्तिनामाशी जोडण्याचाही पर्याय आहे.) सारांश, रोमन लोक ज्याला वाल्लुम म्हणत ती ही भिंतच. शिवाय इंग्रजी 'वॉल' हा शब्दही प्राचीन जर्मानिक बोलींनी लॅटिन 'वाल्लुम'वरूनच उचललेला आहे. म्हणजे एकच शब्द जर्मानिक मुखातून आला तेव्हा भिंतीचे नाव झाला, आणि बीडच्या लेखणीतून आला तेव्हा खंदकाचे. आज पंडित भिंत आणि व्हॅलम यांची तुलना करतात तेव्हा नकळत एका शब्दाची त्याच शब्दाशी तुलना करीत असतात.

या गोंधळाचा परिणाम केवळ शाब्दिक नव्हता. इ. स. १५९९ मध्ये विल्यम कॅम्डेन हा रॉबर्ट कॉटनसह भिंत पाहावयास गेला, पण सीमेवरील लुटारूंच्या भयाने मधला भाग त्याला टाळावा लागला. जॉन हॉर्सलीने इ. स. १७३२ मध्ये मोठ्या साक्षेपाने सर्व मार्गाचे वर्णन केले. तरीही मातीची रचना हेड्रियनची व दगडी भिंत सेव्हेरसची, अशी वाटणी त्याने केली. दोन सम्राट आणि दोन रचना ग्रंथांत आल्या, तेव्हा एकेकाला एकेक देऊन टाकली! इ. स. १८४० मध्ये जॉन हॉजसन या पाद्र्याने ही वाटणी मोडली. भिंतीला लागून दर रोमन मैलावर जी छोटी ठाणी आहेत, त्यांतील शिलालेखांवर हेड्रियन आणि त्याचा ब्रिटनमधील सुभेदार ऑलस प्लाटोरियस नेपोस यांची नावे आहेत. ठाणी भिंतीशी एकजीव बांधलेली, तेव्हा भिंतही हेड्रियनचीच, हे त्याचे अनुमान. साधे आणि बिनतोड. अकराशे वर्षे पोथ्यांनी जे झाकून ठेवले ते चार ओळींच्या दगडांनी उघड केले.

एवढ्याने शिलालेख सर्वस्वी निर्दोष ठरतात असे मात्र नाही, आणि याचे उत्तम उदाहरण बीडच्याच मठात मिळते. जॅरोच्या चर्चच्या बांधकामात दोन कोरीव दगड सापडले. एका भव्य रोमन विजयलेखाचे ते तुकडे आहेत. त्यांवर हेड्रियनचे नाव, ब्रिटनचे नाव, सैन्याचा उल्लेख, 'दोन्ही' या अर्थाचा शब्द व त्यापुढे सागर या शब्दाचे आद्याक्षर, 'आवश्यकता' या शब्दाचा उत्तरार्ध आणि 'विखुरलेले' असे एक धातुसाधित एवढे वाचता येते. बाकीचे सारे अभ्यासकांनी भरले आहे. कोण विखुरलेले? प्रमाण संहितेत कंसात 'बर्बर' हा शब्द आहे. दोन्ही सागरांमध्ये काय? कंसात सीमा, आणि ऐंशी मैल. हे पूरण करणारे पंडित मोठे होते आणि लॅटिन कोरीव लेखांच्या शैलीची त्यांची जाण वादातीत आहे. पण त्यांच्यापुढे 'हिस्टोरिया ऑगस्टा' उघडी होती हे उघड आहे. त्या पोथीतील मैल आणि त्या पोथीतील बर्बर दगडावरच्या रिकाम्या जागेत जाऊन बसले, आणि मग दगडाने पोथीला दुजोरा दिला असे म्हणण्याची सोय झाली. ज्या विधानाची परीक्षा करावयाची त्याच विधानाने साक्षीदाराची जबानी लिहून द्यावी, असा हा प्रकार आहे. दगडावर प्रत्यक्ष कोरलेल्या अक्षरांत 'बर्बर' हा शब्द नाही.

येथे या शब्दाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. ग्रीक 'बार्बारोस' आणि संस्कृत 'बर्बर' यांतील ध्वनिसाम्य प्रसिद्धच आहे. दोन्हींच्या मुळाशी न समजणाऱ्या बोलीच्या बडबडीचे अनुकरण आहे. भिंतीच्या बाबतीत गमतीची गोष्ट ही, की ज्यांची बोली रोमला अगम्य वाटावी असे लोक भिंतीच्या आतल्या बाजूसच अधिक होते. हाउसस्टेड्स येथील किल्ल्यात तिसऱ्या शतकात फ्रिसियन पथक होते, आणि त्यातील जर्मन सैनिकांनी 'मार्स थिंक्सस' या देवाला वेदी अर्पण केली. नावाचा पूर्वार्ध रोमन युद्धदेव, उत्तरार्ध जर्मानिक लोकसभेचा वाचक 'थिंग'. अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याच्या कितीतरी आधी जर्मानिक शब्द या भिंतीवर कोरला गेला होता. टाइनच्या मुखाशी, साउथ शील्ड्स येथे, रेजिना नावाच्या स्त्रीचा थडग्याचा दगड आहे. ती दक्षिण ब्रिटनमधील कातुवेल्लौनी जमातीची, पूर्वीची दासी; तिला मुक्त करून तिच्याशी विवाह करणारा बाराटेस हा सीरियातील पाल्मिराचा. लॅटिन लेखात विभक्तीच्या चुका आहेत. खालची एक ओळ मात्र पाल्मिराच्या आरामाइक लिपीत सफाईने कोरली आहे. तीत तिचे नाव, त्याचे नाव आणि शोकाचा एक उद्गार, एवढेच आहे. ती ओळ वाचू शकणारे त्या गावात कितीजण असतील? ज्याने कोरविली त्याला बहुधा त्याची पर्वा नसावी.

विंडोलँडा येथे इ. स. १९७३ पासून सापडत गेलेल्या लाकडी पातळ पट्ट्यांवरील शाईच्या लेखांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. यांतील बराचसा भाग भिंतीच्याही आधीचा, पहिल्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. पहिल्या तुंग्रियन पथकाच्या एका हजेरीपटात एकूण ७५२ माणसांपैकी ४५६ बाहेरगावी असल्याची नोंद आहे, आणि त्यांतील ३३७ एकट्या कोरिया (आजचे कॉर्ब्रिज) येथे. जे उरले त्यांत ३१ आजारी किंवा जखमी, आणि त्यांपैकी दहांचे डोळे आलेले. सीमेवरील सैन्य रेषेला चिकटून उभे होते ही कल्पना या एका पटाने सैल होते. दुसऱ्या एका टिपणात स्थानिकांना 'ब्रितुंकुली' म्हटले आहे. कारकुनाला 'कारकुंडा' म्हणताना मराठी प्रत्यय जे काम करतो तेच येथे लॅटिन प्रत्ययाने केले आहे. हे टिपण शत्रूच्या युद्धपद्धतीविषयी आहे की सैन्यात भरती झालेल्या ब्रिटनांविषयी, यावर मतभेद आहेत. पहिला अर्थ मुकाट्याने गृहीत धरणाऱ्यांच्या कानात पुन्हा ते 'विभागणे'च घुमत असते. तुच्छता येथे आहेच. पण ती नाव ठाऊक असलेल्या माणसांविषयीची आहे.

आता आधुनिक मीमांसकांकडे वळावे. व्हिक्टोरियन काळातील वाचकाला विभाजनाचे क्रियापद अगदी सोयीचे होते. भारताचे व्हाइसरॉयपद सोडून आलेल्या लॉर्ड कर्झनने इ. स. १९०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे 'सरहद्दी' या विषयावर व्याख्यान दिले. त्यात रोमन तटबंद्या आणि हिंदुस्थानची वायव्य सरहद्द एकाच विवेचनात येतात. 'आत सुधारणा, बाहेर रानटीपणा' हे समीकरण त्या पिढीला सिद्ध करावेसेही वाटले नाही. आर. जी. कॉलिंगवुडने इ. स. १९२१ च्या लेखात भिंतीवर उभे राहून लढण्याची कल्पना खोडून काढली व तिला पहारेकऱ्यांचा उंचावरील मार्ग ठरविले. डेव्हिड ब्रीझ आणि ब्रायन डॉब्सन यांनी इ. स. १९७६ च्या ग्रंथात ये-जा नियंत्रित करणे हे तिचे मुख्य कार्य मानले. दर मैलाला दरवाजा असलेली भिंत अडविण्यासाठी कशी असेल, हा त्यांच्या मताचा आधार. मराठी वाचकास गावची वेस आठवावी. वेशीमुळे गाव बंद होत नाही. कोण कोठून आत येतो ते कळते आणि जकात घेता येते. बेंजामिन आयझॅकने इ. स. १९८८ मध्ये 'लिमेस' या शब्दाचे प्रयोग तपासून पहिल्या शतकांत त्याचा अर्थ तटबंद सीमा असा नव्हता, हे दाखविले. ही शब्दचिकित्सा आदर्श म्हणावी अशी आहे.

परंतु नव्या मताचाही अतिरेक झाला. केवळ दरवाजे मोजून वाहतूक सिद्ध होत नाही. कॉफील्ड्स येथील मैलठाण्याचा उत्तर दरवाजा इतक्या तीव्र उतारावर उघडतो, की त्यातून गाडी जाणे शक्यच नव्हते. तेथे दरवाजा आहे तो नकाशात प्रत्येक मैलाला एक असा हुकूम होता म्हणून. शिवाय पूर्व भागात भिंत आणि तिच्या पुढचा खंदक यांमधील पट्टीत खड्ड्यांच्या रांगा सापडल्या आहेत. त्यांत काटेरी अडथळे रोवलेले असावेत. जकात गोळा करणाऱ्याला काटेरी खड्डे कशाला हवेत? दिओ कॅसियसच्या इतिहासात कॉमोडसच्या कारकिर्दीत जमातींनी भिंत ओलांडून एका रोमन सेनापतीला सैन्यासह मारल्याचे आले आहे. पुरातत्त्वज्ञ निक हॉजसन (वर उल्लेखिलेला पाद्री हॉजसन नव्हे) यांनी इ. स. २०१७ च्या ग्रंथात संरक्षणाचा पक्ष पुन्हा ठामपणे मांडला आहे, तो अशा पुराव्यावर. एका पिढीने साम्राज्याच्या अभिमानाने 'विभाजन' उचलून धरले, दुसरीने त्या अभिमानाची लाज वाटून ते टाकून दिले. दोन्ही पिढ्यांचे लक्ष होते ते क्रियापदाकडे. वास्तू मधल्या मध्ये राहिली.

वास्तूकडे पाहिल्यास एकच हेतू शोधण्याची घाई किती व्यर्थ आहे हे ध्यानात येते. इर्दिंग नदीच्या पूर्वेस भिंत दगडी आणि पश्चिमेस प्रथम गवताळ मातीच्या ढेकळांची होती. दहा रोमन फूट रुंदीचा पाया घातला गेला, आणि अनेक ठिकाणी त्यावर उभी राहिली ती अधिक अरुंद भिंत. मोठे किल्ले मूळ योजनेत भिंतीवर नव्हते. ते नंतर आले, आणि काही ठिकाणी आधीच बांधलेले बुरूज पाडून आले. मग दक्षिणेचा तो खंदक आला, ज्यावरून जाण्याची वाट फक्त किल्ल्यांपाशी ठेवलेली. दर मैलाला दरवाजा देणाऱ्या योजनेवर ही दुसरी योजना जणू काट मारते. हेड्रियनच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, इ. स. १४२ च्या सुमारास, अँटोनायनस पायसने उत्तरेस फोर्थ ते क्लाइड अशी दुसरी, मातीची भिंत घातली. पुढे सुमारे वीस वर्षांत ती सोडून सैन्य पुन्हा जुन्या भिंतीवर आले. ज्या वास्तूचे बांधणारे बांधता बांधता मत बदलीत होते, तिचा हेतू एका क्रियापदात कसा मावावा? दुसरीकडे, स्थानिक इंग्रजी बोलीने तिच्याकडे कसे पाहिले हे थर्लवॉल या गावाच्या नावात टिकून आहे. जुन्या इंग्रजीत 'थिरेल' म्हणजे भोक. इंग्रजीतील नाकपुडीवाचक शब्दातही तेच आहे. भोक पडलेली भिंत, हे त्या गावाचे नाव.

तरीही 'दिविदेरेत' हा शब्द सर्वस्वी खोटा ठरविता येत नाही. नॉर्दम्बरलंडच्या सपाट किनारपट्टीवर, भिंतीच्या उत्तरेस काही मैलांवर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या क्षेत्रावर उत्खनने झाली व इ. स. २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गोल झोपड्या, खंदकांनी वेढलेली शेतघरे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी पुनःपुन्हा केलेली वसती, असे तेथे दिसते. आणि दुसऱ्या शतकात, भिंत उभी राहिल्यानंतर फार काळ न लोटता, यांपैकी बरीच ठिकाणे ओसाड पडतात. ती माणसे हाकलली गेली, की दक्षिणेकडील बाजार व नातलग तुटल्यामुळे उठून गेली, हे मातीतून कळत नाही. त्यांच्या भाषेत कोणीही काही कोरून ठेवलेले नाही. चरित्रकाराने सम्राटाच्या मनात घातलेला हेतू अप्रमाण असेल. ज्यांच्या कुरणांमधून आणि आप्तांमधून ती रेषा गेली त्यांच्या बाबतीत मात्र ते क्रियापद घडून गेलेल्या गोष्टीचे वर्णन आहे, आणि त्याचे प्रमाण पोथीत नसून त्या ओसाड शेतघरांच्या बुजलेल्या खंदकांत आहे.